वस्तादांचा अंगठा

त्साय शुई-युआन यांच्याशी खोटं बोलून कुणी आपलं हाड बसवून घेतलं, असं तुंगकांग बंदरात गेल्या चव्वेचाळीस वर्षांत घडलं नव्हतं. निदान त्यांचा स्वतःचा तसा ठाम समज होता.

मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं हाडवैद्याचं दुकान. पुढच्या खोलीत दोन लाकडी बाकं, एक ठेंगणं स्टूल, भिंतीवर त्यांचा आखाड्यातला तरुणपणचा फोटो, आणि काळ्या लेपाचा असा उग्र दर्प की गल्लीतली मांजरं त्या दारासमोरून जाताना पावलं उचलत. मागच्या खोलीच्या दाराला निळा पडदा. पडद्यामागे त्यांची मुलगी या-फिंग रोग्यांना लेप लावून पट्ट्या बांधायची. सगळं गाव शुई-युआनना वस्ताद म्हणायचं. एकाहत्तरी उलटली तरी पाठ ताठ आणि आवाज खणखणीत.

वस्तादांची रीत ठरलेली. रोगी समोर बसला की आधी प्रश्न, हाडाला हात मागाहून.

"कसं झालं?"

"जाळं ओढताना कंबर धरली," आ-ल्यांग तांडेल कण्हत म्हणाला. तो त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. सत्तरीतही स्वतःची बोट चालवायचा.

"कुठलं जाळं? तुझी बोट पंधरा दिवस गोदीत चढवून ठेवलीय. मी रोज तिच्यासमोरून जातो."

"मग... रंगाचा डबा उचलताना."

"आ-ल्यांग!"

"बरं बाबा, सांगतो. संध्याकाळी मैदानात बायका गाणी लावून नाचतात ना, व्यायाम म्हणून? मीपण गेलो होतो. एक गिरकी होती. सगळ्यांनी घेतली, मीपण घेतली."

बाकावरच्या बायका फिसकन हसल्या. तांडेलही हसला आणि हसताना कळ आल्यामुळे ओरडला.

"आता बसेल कंबर," वस्ताद समाधानानं म्हणाले. "खोटं बोलणारा माणूस अंग आखडून बसतो. खरं सांगितलं की सैल सोडतो. मग हाड आपसूक वाट काढतं."

त्यांनी तांडेलला पालथं घातलं आणि दहा मिनिटं कंबर दाबली. "वा वस्ताद! काय हात आहे!" तांडेल दाद देत राहिला. मग उठून वाकडा वाकडाच पडद्यामागे गेला, पट्टी बांधून घ्यायला. थोड्या वेळानं आतून 'कट्' असा बारीकसा आवाज आला आणि तांडेल सरळ होऊन बाहेर आला.

असं रोजचं चालायचं. मान आखडलेल्या शाळामास्तरणीला वस्ताद सांगायचे, "उशीचा दोष नाही. तुम्ही मुख्याध्यापकांपुढं मान डोलावता आणि घरी येऊन त्यांना शिव्या देता, म्हणून मान दोन्हीकडून ताणलीय." बाई लाजायच्या आणि कबूल करायच्या. लोकांना या बोलण्याची धास्ती वाटायची आणि त्याची गोडीही होती. बाकावर बसलेले निम्मे तर दुसऱ्याचं काय बाहेर पडतंय ते ऐकायलाच आलेले असायचे.

आता अंगठ्याचं. वस्तादांचा उजवा अंगठा गेली दोन वर्षं नीट काम करत नव्हता. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, मग टोकं बधिर झाली, मग अंगठ्यातला जोर गेला. पण हे असं सरळ एका ओळीत वस्तादांनी कधी मांडलंच नव्हतं. चहाचा कप हातातून सुटला, तर हल्लीचे कप फार गुळगुळीत. शर्टाची बटणं लागेनात, तर शिंपी चोर, काजं लहान करतो. रोग्याचं हाड बोटांना सापडेना, तर लोक स्कूटरवर बसून बसून सुटलेत, हाडं पार आत गेली आहेत. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि प्रत्येक कारण वेगळं होतं.

या-फिंगनं एकदा विषय काढून पाहिला होता. ती काओश्युंग शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात बारा वर्षं रोग्यांना व्यायाम आणि उपचार देण्याचं काम करून, नवऱ्याशी फारकत झाल्यावर घरी परतली होती.

"बाबा, एकदा मानेचा फोटो काढून घेऊ या का?"

"मानेचा फोटो कशाला? आरशात दिसते की रोज."

ती पडदा सारून आत निघून गेली.

एप्रिल उजाडला. ट्यूनाचा हंगाम तोंडावर आला की बंदरात एकच धांदल उडते, आणि धांदलीत माणसं घसरतात, मुरगळतात. त्या सकाळी वस्तादांची बायको श्यू-ताव हिनं त्यांच्यापुढं कोळंबीची टोपली आदळली.

"दुकान उघडायला अजून अवकाश आहे, म्हाताऱ्या. तेवढी सोलून दे. आणि नीट सोल, डोकी टाकू नकोस, रश्श्याला हवीत."

वस्ताद बनियन आणि रबरी चपला अशा थाटात दारासमोर बसून कोळंबी सोलू लागले. ते डाव्या हातानं सोलत होते. तेवढ्यात समोरच्या बेटावरून पहिल्या बोटीनं आलेली एक बाई, मोठी गवती टोपी घातलेली, उजवं मनगट छातीशी धरून गल्लीत शिरली.

"काका, हाडं बसवतात ते हेच ना?"

"हेच."

"म्हातारबा आत आहेत का?"

"का हो?"

बाईनं आजूबाजूला बघितलं आणि त्यांच्यापाशी उकिडवी बसली. आवाज खाली आणला.

"नाही, मला माझ्या जावेनं सगळं समजावून पाठवलंय. ती मागच्या महिन्यात येऊन गेली इथं. पुढे म्हातारबा बसतात म्हणे. एके काळी फार मोठे वस्ताद. आता हातात काही राहिलं नाही, पण त्यांना ते ठाऊक नाही. दहा मिनिटं त्यांच्याकडून दाबून घ्यायचं. ओरडायचं नाही, 'वा वा' म्हणायचं. मग पडद्यामागं जायचं. खरं काम तिथं त्यांची मुलगी करते. बरोबर ना?"

वस्तादांच्या हातातली कोळंबी तशीच राहिली.

"आणि ओरडलं तर?" त्यांनी विचारलं. आवाज आपलाच आहे का, अशी त्यांना शंका आली.

"त्यांना वाईट वाटतं म्हणे. मनानं चांगले आहेत. म्हणून तर सगळे जपतात. पण मला एकच धाकधूक आहे बघा. मी तिळाचे पीळ तळते, दिवसाला तीनशे पीळ वळून वळून मनगट हे असं सुजलंय. यावर दहा मिनिटं कशी काढू? तुम्ही इथलेच दिसता. पाच मिनिटांत नाही का भागणार?"

वस्तादांनी खाली टोपलीकडे बघितलं.

"आज म्हातारबा बसणार नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही सरळ पडद्यामागं जा."

"देव पावला!" बाईचा चेहरा खुलला. तिनं पिशवीतून एक कुरकुरीत पीळ काढून त्यांच्या उजव्या हातावर ठेवला. "घ्या काका, घरचा आहे." आणि ती आत गेली. पीळ वस्तादांच्या बोटांतून सुटून कोळंबीत पडला.

थोड्या वेळानं आतून 'कट्' आवाज आला. हा आवाज वस्तादांनी दोन वर्षांत शेकडो वेळा ऐकला होता. मागच्या खोलीतलं बाक जुनं झालंय, असं ते धरून चालले होते. दोनदा त्यांनी त्या बाकाला खिळेही मारले होते.

बनियनवरच ते बंदराकडे निघाले.

आ-ल्यांग तांडेल धक्क्यावरच्या टपरीत बसून नाश्ता करत होता. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वड्या, वर घट्ट रस्सा आणि चिमूटभर गुलाबी जवळा. वस्तादांना बनियनवर येताना बघून त्यानं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. चेहरा बघून त्याला कळायचं ते कळलं.

"कधीपासून?" वस्तादांनी विचारलं.

"बस आधी."

"कधीपासून, आ-ल्यांग?"

"गेल्याच्या गेल्या वर्षीच्या चंद्रोत्सवापासून. माझा खांदा निखळला होता आठवतंय? तू बसवलास. तो बसला नव्हता. मी आत पट्टी बांधायला गेलो तर डोळ्यांत पाणी. या-फिंगनं बघितलं, काही न बोलता बसवून दिला. मग मी एकाला सांगितलं, त्यानं दुसऱ्याला."

"सगळ्या गावाला ठाऊक?"

"सगळ्या नाही. चिन-फा टपालवाल्याला नाही सांगितलं. त्याच्या पोटात काही ठरत नाही, पत्रांबरोबर घरोघर वाटून टाकेल. तो आपला तुझ्याकडून दाबून घ्यायचा आणि घाई आहे म्हणून पट्टीला न थांबता पळायचा. अजून लंगडतोय बिचारा."

हे ऐकून मात्र वस्ताद खरोखर बसले. टपरीच्या मालकिणीनं त्यांच्यासमोर न विचारता बशी ठेवली. ती त्यांनी दूर सारली.

"चव्वेचाळीस वर्षं मी एकेकाकडून खरं वदवून घेतलं. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्याशी दोन वर्षं खोटं बोललात!"

"खोटं?" आता तांडेललाही राग चढला. "वस्ताद, खोटं तू वागलास. हात पहिल्यासारखा असल्याचं दाखवत राहिलास. आम्ही फक्त मान डोलावली. माझी तर मान डोलावून डोलावून दुखायला लागली, ती दाखवायला पुन्हा तुझ्याकडंच यायचं!"

टपरीत दोघंतिघं खोकले. हसू लपवण्यासाठी माणसं खोकतात ते वस्तादांना चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवशी दुकानाचं पुढचं स्टूल रिकामं राहिलं. वस्ताद माडीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायला आले नाहीत. श्यू-तावनं एकदाच जिन्यातून हाक दिली, "कोळंबीत तिळाचा पीळ कुणी टाकला रे?" मग तिनं त्यांच्यासाठी बशी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे खाली असताना, वस्तादांनी स्वतःची परीक्षा घेतली. त्यांचे गुरू शिष्यांना एक खेळ द्यायचे. टेबलावर डोक्याचा एक केस ठेवायचा, वर पातळ कागद, आणि डोळे मिटून बोटांनी केस शोधायचा. जमला की कागद दोन, मग पाच. वस्ताद ऐन भरात असताना अकरा कागदांखालचा केस शोधायचे. तेव्हाच्या शिष्यांत तो विक्रम होता.

त्यांनी बायकोच्या फणीतला एक पांढरा केस घेतला. वर एक कागद ठेवला. डोळे मिटले, उजवा हात फिरवला. काही नाही. केस उडाला असेल म्हणून कागद उचलून बघितला. केस जागेवर होता. मग त्यांनी काडेपेटीतली काडी ठेवली. काही नाही. मग जेवणाची काडी ठेवली, चांगली जाडजूड, बांबूची. ती लागली.

डाव्या हाताला पहिल्याच फेरीत केस लागला.

वस्ताद बराच वेळ ते दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. हाताला सगळं ठाऊक होतं तर. कप डावीकडं घ्यायचा, कोळंबी डाव्यानं सोलायची, चिल्लर मोजायची वेळ आली की पाकीट बायकोकडं द्यायचं, ही सगळी व्यवस्था हातानं परस्पर लावून टाकली होती. दोन वर्षं तो धन्याला निरोप पाठवत होता आणि धनी घरात नव्हता. लोकांचं खोटं त्यांना लगेच ऐकू यायचं, कारण लोक ते तोंडानं बोलायचे. स्वतःचं खोटं ते कधी मोठ्यानं बोललेच नव्हते. मग ऐकू कुठून येणार?

श्यू-ताव वर आली. टेबलावर कागद, काड्या, काडेपेटी पसरलेली.

"काय चाललंय?"

"केस शोधतोय."

"माझ्या डोक्यावर थोडे राहिलेत अजून. तिथं शोध."

वस्तादांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ते तिच्याकडं बघून म्हणाले, "तुलासुद्धा ठाऊक होतं?"

"तुझी बटणं रोज कोण लावतं, म्हाताऱ्या? मला कुणी येऊन सांगायला हवंय?" तिनं त्यांचा हात हातात घेतला, अंगठा चोळला. "तू विचारशील, तेव्हा सांगायचं असं ठरवलं होतं. तू काही विचारलं नाहीस. आता खाली जा. रांग लागलीय, आणि पोरगी एकटी आहे."

ते खाली गेले, पण स्टुलावर बसले नाहीत. बाकाच्या टोकाला, शाळामास्तरणीच्या मागं, नंबर धरून बसले. एकेक जण पडद्याआड जाऊन आला. 'कट्' झालं की वस्ताद मान हलवायचे, जणू दुसऱ्याच्या बोटीवरचं इंजिन पहिल्या हिसक्यात चालू झालं. शेवटी त्यांचा नंबर आला.

या-फिंगनं त्यांना बघितलं आणि हातातला पट्टीचा गुंडाळा खाली ठेवला. ती म्हणाली एवढंच, "बसा. काय होतंय?"

"टॉवेल पिळताना जरा अंगठा..." वस्ताद म्हणाले आणि थांबले.

ती काही बोलली नाही. वाट बघत राहिली. बापाची आणि मुलीची रीत यातच वेगळी होती. तो खोदून काढायचा, ती थांबायची.

"दोन वर्षं झाली," वस्ताद म्हणाले. "टोकं बधिर आहेत. आता कोपरापर्यंत कळ जाते. पहाटे जास्त. मला भीती वाटली म्हणून मी बघितलंच नाही."

"शर्ट काढा. मान बघू."

तिनं मानेला हात लावला मात्र, आणि वस्ताद असे ओरडले की बाहेर बाकावरच्या दोन बायका उभ्या राहिल्या.

"बाबा, मी अजून दाबलं नाही."

"मग दाबशील तेव्हा सांग!"

"सांगितलं की तुम्ही अंग आखडता."

"कोण आखडतंय? हा हात बघ, कसा सैल..." या वाक्याच्या मध्येच तिनं दाबलं. पुढचा आवाज मासळी बाजारात लिलाव पुकारणाऱ्यांनाही ऐकू गेला असं नंतर लोक सांगायचे. चव्वेचाळीस वर्षांत त्या दुकानात इतका वाईट रोगी आला नव्हता. त्यांनी तिचा हात धरून ठेवला, तिला दोनदा शिकवायला गेले, एकदा तर उठून पळू पाहिलं. तोवर बाहेर दारात गर्दी जमली होती आणि आ-ल्यांग तांडेल मोठ्यानं सांगत होता, "वा वा म्हण रे! ओरडायचं नसतं!"

या-फिंग खुदकन हसली. मग हात पुसून समोर बसली.

"नस दबलीय, बहुतेक मानेत. हे नुसत्या दाबण्यानं सुटणार नाही. काओश्युंगला जाऊन तपासणी करायची, ते सांगतील ते करायचं. पहिल्याच महिन्यात गेलो असतो तर बरं झालं असतं. आता सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. निम्मं यावं."

"तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

ती पट्टी गुंडाळत, उलगडत राहिली.

"अकरा वेळा सांगायला निघाले. मोजलंय मी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून थांबते, असं स्वतःला सांगायचे. आईलाही तेच सांगितलं. पण बाबा, खरं सांगू? मला पडद्यामागं बरं वाटत होतं. इथं काही चुकलं तर नाव तुमचं जाणार होतं. लग्न मोडलं तेव्हा सगळे लोक टक लावून बघत होते माझ्याकडं. परत समोर बसायची हिंमत नव्हती. मी तुम्हाला सांभाळत नव्हते. मी लपले होते."

एरवी समोरच्यानं एवढं मोकळं कबूल केलं की वस्ताद मांडीवर थाप मारून "आता बसेल!" म्हणायचे. आज त्यांनी थाप मारली नाही. आपल्या बधिर हातानं तिच्या हातातली पट्टी घेतली, गुंडाळायचा प्रयत्न केला, गुंडाळा वाकडा झाला, तो तसाच तिच्या हातात परत दिला.

"छान बसवतेस," ते म्हणाले. "आवाजच सांगतो. मी उगाच त्या बाकाला खिळे मारले."

एवढ्यात श्यू-ताव आत आली, स्टुलावर चढली आणि तिनं निळा पडदा कड्यांसकट काढला. "दोन वर्षांत धुतला नाही कुणी," ती म्हणाली, आणि पडदा बादलीत कोंबून निघून गेली. बाहेरचं सगळं बाक आतल्या दोघांकडं बघत होतं.

राहिला होता चिन-फा. काओश्युंगला जाण्याआधी त्याला भेटायचंच, असं वस्तादांनी ठरवलं. त्याच्या पायाचे आपण अपराधी आहोत हे त्यांना रात्रंदिवस टोचत होतं.

मंदिराच्या कोपऱ्यावर त्यांनी त्याला गाठलं. टपालखात्याची हिरवी मोटारसायकल कडेला लावून, पन्नाशीचा चिन-फा पाकिटं घेऊन लंगडत एका दाराकडं चालला होता. घरातल्या आजीनं त्याला येताना बघून लगबगीनं खुर्ची बाहेर आणली, चहा दिला, "पाय कसा आहे रे?" म्हणाली. चिन-फानं सुस्कारा टाकून पायाची हकीकत सांगितली. वस्ताद कडेला उभे राहून ऐकत होते. तो निघाला तसे पुढं झाले.

"चिन-फा, मला तुझी माफी मागायची आहे. तुझा पाय मी बसवलाच नाही. माझा हात गेलेला होता आणि मी ते..."

बोलता बोलता वस्तादांची नजर खाली गेली. हात गेला असला तरी डोळे शाबूत होते.

"चिन-फा, दुखतो कुठला पाय?"

"हा काय." चिन-फानं डावा पाय पुढं केला.

"बाजारात बर्फावर घसरलास तेव्हा घोटा सुजला होता उजवा. मी दाबला होता तोही उजवाच."

चिन-फानं आधी डाव्या पायाकडं बघितलं, मग उजव्याकडं. चुकीच्या पत्त्यावर पाकीट टाकून आल्याचं घरी गेल्यावर लक्षात यावं, तसा त्याचा चेहरा झाला.

"पण मी खरंच लंगडतो हो, वस्ताद! मुद्दाम नाही करत. देवाशपथ!"

महिन्याभरापूर्वीचे वस्ताद असते तर मंदिराचा कोपरा दणाणून गेला असता. बोलण्यासाठी त्यांचं तोंड उघडलंही होतं. मग ते त्यांनी मिटलं. मुद्दाम न करता माणूस काय काय करू शकतो, याचा त्यांना नुकताच अनुभव आला होता.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "कधीपासून बदलला असेल पाय?"

चिन-फा मोटारसायकलीला टेकला. "आई गेली ना गेल्या हिवाळ्यात. दुपारी घरी जेवायला जायचो तिच्याबरोबर. आता घरी जाऊन करू काय? त्याच सुमारास पाय मुरगळला. अठरा वर्षं या गल्ल्यांत पत्रं टाकली, कुणी खुर्ची आणली नाही. लंगडायला लागलो तर घरोघर खुर्ची, चहा. लोक विचारतात. मग पाय बरा कसा होणार, तुम्हीच सांगा!" आणि स्वतःच्याच बोलण्याचं त्याला हसू फुटलं. आधी फुसकन, मग पोट धरून. पाकिटं हातातून खाली पडली. ती दोघांनी मिळून उचलली. वस्तादांनी डाव्या हातानं.

"पत्रं संपली की दुपारी दुकानात ये," वस्ताद म्हणाले. "श्यू-ताव जेवण जास्तच करते. लंगडत आलास तरी चालेल, सरळ आलास तरी चालेल. आणि मला हात दाखवायला काओश्युंगला जायचंय, सोबतीला कुणी लागेल. तुझी सुट्टी शिल्लक आहे?"

"अठ्ठावीस दिवस!" चिन-फा म्हणाला.

मानेची नस मोकळी करायला छोटी शस्त्रक्रिया झाली. मग तीन महिने वस्ताद रबरी चेंडू दाबत बसले आणि दिवसातून दोनदा चेंडू कसा दाबावा यावरून मुलीशी भांडले. अंगठा निम्म्याहून थोडा जास्त परत आला. कप धरता येतो, बटणं चारपैकी तीन लागतात, कागदाखालचा केस काही सापडत नाही. त्यांनी तो पुन्हा एकदाच शोधून बघितला आणि कागद रद्दीत दिले.

आता पुढच्या खोलीत या-फिंग बसते, सगळ्यांच्या समोर. पहिले काही दिवस तिचे हात घामानं भिजायचे. पंधरवड्यात तिचा आवाज बापासारखा खणखणीत झाला. वस्ताद शेजारच्या स्टुलावर बसून "कसं झालं?" एवढं विचारतात. मात्र आता लोक त्यांना उलट विचारतात, "आधी तुमचं सांगा, आज चेंडू दाबला का?" आणि दाबला नसला की ते कबूल करतात. बेटावरची पीळवाली बाई महिन्याकाठी येते. त्या दिवसाची आठवण निघाली की ती टोपी तोंडावर ओढून घेते, पण पिशवी कधी रिकामी आणत नाही.

हंगाम संपता संपता दुकानावर नवी पाटी लावायची ठरली. पाटी रंगवणारा शिडीवर चढला. चिन-फानं शिडी धरली, तांडेलनं रंगाचा डबा धरला, आणि गल्ली सल्ले द्यायला जमली.

"नावाआधी 'वस्ताद' लिहायचं का?" रंगाऱ्यानं वरून विचारलं.

"नको, नुसतं नाव पुरे," या-फिंग घाईघाईनं म्हणाली.

"नुसतं नाव कसं? मग आम्ही हाक काय मारायची?" तांडेल म्हणाला. शाळामास्तरणींनी हात वर केला, त्यांच्यामागं अख्ख्या बाकानं केला. वस्ताद मुलीकडं न बघता चेंडू दाबत होते, नेहमीपेक्षा जरा जोरात.

या-फिंगनं सगळ्यांकडं बघितलं. मग दोन्ही हात एप्रनवर पुसले.

"लिहा," ती म्हणाली. "आणि खाली वेळ लिहा. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, रविवारी बंद."

"रविवारी बंद?" वस्ताद ताडकन उठले. "चव्वेचाळीस वर्षं हे दुकान रविवारी उघडं आहे! लोक काय सोमवारपर्यंत वाकडे बसणार?"

"रविवारी मी मैदानात नाचायला जाणार आहे," या-फिंग म्हणाली. "आ-ल्यांग काका गिरकी शिकवणार आहेत."

"तो शिकवणार?" वस्ताद ओरडले. "मग तर रविवारीच दुकान उघडं पाहिजे!"

गल्ली हसली, शिडी हलली, चिन-फानं ती दोन्ही हातांनी आणि दोन्ही पायांवर घट्ट उभा राहून धरली, आणि रंगारी वरून ओरडला की काय ते एकदा ठरवा, रंग वाळतोय.